मनोनिवास योजनेची एकमेव लाभार्थी

घर ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि मन ही त्याची मूलभूत अडचण आहे. पहिल्यासाठी बँका निघाल्या. दुसऱ्यासाठी पूर्वी शेजारी असत. ते आपापल्या घरांचे हप्ते फेडण्यात गुंतल्यामुळे समुपदेशक निघाले. आता समुपदेशकालाही राहायला घर लागते आणि तेही कर्जाशिवाय होत नाही, हे सर्वप्रथम ध्यानात घेण्याचा मान सांगलीच्या संतोषवर्धक नागरी सहकारी बँकेकडे जातो. (या बँकेत संतोष नेमका कोणाचा वाढतो, असा प्रश्न एका सभासदाने वार्षिक सभेत विचारला होता. सभासदत्व त्यांचे चालू आहे. प्रश्न तेवढा इतिवृत्तातून वगळला.)

योजनेचे पूर्ण नाव 'मानसिक आरोग्य व्यावसायिक गृहकर्ज साहाय्य योजना', आणि लाडाचे नाव 'मनोनिवास'. तिचा जन्म महाबळेश्वरला झाला. तिथे सहकारी बँकांच्या अध्यक्षांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण होते आणि एका वक्त्याने 'येणारा काळ मनाचा आहे' असे वाक्य उच्चारले होते. बँकेचे अध्यक्ष सुभेदार (निवृत्त) लालासाहेब यांनी ते वहीत टिपून घेतले. पुढचे टिपायचे राहिले, कारण जेवणाची घंटा झाली. परतीच्या वाटेवर त्यांनी विचार केला. हृदयवाले, हाडवाले, डोळेवाले, दातवाले डॉक्टर दुसऱ्या बँकांनी केव्हाच पळवले होते. सबंध शरीरात मन तेवढेच मोकळे उरले होते.

संचालक मंडळात योजना एकमताने संमत झाली. यात अंगारे-धुपारे करणारे देवर्षी बसतात का, अशी एका संचालकांची शंका होती. देवर्षीला घर असतेच, आणि नसल्यास भक्त बांधून देतात. सबब योजना लागू नाही, असा खुलासा झाला. व्याज अर्धा टक्का कमी, आणि कर्जदारास एक भिंतीवरचे घड्याळ भेट.

मग दोन्ही जिल्ह्यांची पाहणी झाली. सातारा आणि सांगली मिळून मनाचे काम करणारे एकोणीस जण सापडले. त्यांपैकी आठ जणांची स्वतःची घरे होती. पाच जणांची स्वतःची हॉस्पिटले होती. चार जण मनःशांतीसाठी पुण्याला गेले होते. एक वारले होते. उरलेल्या एकीचे नाव ऋचा शेंडे, आणि बँकेचे पत्र तिच्याकडे गेले तेव्हा ती खरोखरच घराच्या शोधात होती. योजना आणि गरज यांची अशी गाठ सहकारात क्वचित पडते.

ऋचा मूळची साताऱ्याची. सात वर्षे सांगलीत वखारभागात एका जुन्या इमारतीच्या माडीवर समुपदेशन करत होती. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. खाली रंगुबाईंचे फॉल-पिकोचे दुकान. मालकाने इमारत पाडायची म्हणून नोटीस दिली होती. विश्रामबागेत तळमजल्यावर अडीच खोल्यांचा एक फ्लॅट तिने पाहून ठेवला होता, आणि बिल्डर तो अक्षय तृतीयेपर्यंत धरून ठेवणार होता. त्यानंतर एक व्यापारी त्यात हळदीची पोती ठेवायला उत्सुक होता.

तळमजला महत्त्वाचा होता. ऋचाची आई उमाताई साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. गुडघ्यांनी मागच्या दिवाळीत जिना बंद केला, तेव्हापासून त्या खाली उतरलेल्या नव्हत्या. भाजी पिशवीतून दोरीने वर यायची, कचरा त्याच दोरीने खाली जायचा. माणसाला तशी सोय नव्हती.

ऋचाने अर्ज भरला. एकतीस कागदपत्रे जोडली. सात वर्षांची आयकर विवरणपत्रे जोडली. ती बघून बँकेचे पाहणी व वसुली अधिकारी दादासो पुदाले खूश झाले आणि लगेच चिंतेत पडले. दादासो पलूसचे, माणूस सरळ.

"उत्पन्न दिसतंय म्याडम," ते म्हणाले, "पण ते कुठनं येतंय ते दिसत न्हाई. नऊ नंबरची अट बघा. पाच कायम गिऱ्हाइकांची सहीनिशी पत्रं पायजेत."

नऊ क्रमांकाची अट दुभत्या जनावरांच्या कर्जाच्या अर्जातून आणलेली होती. (तिचा उत्तरार्ध 'कानाला बिल्ले मारले आहेत काय?' असा होता. ऋचाने तिथे 'लागू नाही' लिहिले.)

"माझ्याकडे कोण येतं, ते मी सांगू शकत नाही," ऋचा म्हणाली.

"का? भांडण हाय का त्यांच्यासंगं?"

"गोपनीय असतं ते."

"आवं, आमच्या बँकेत कुणाचं किती थकलंय ते बी गोपनीयच असतंय. पण पानाच्या टपरीवर इचारा, सगळं कळतंय. तसल्या गोपनीयतेत जेवढं बसतंय तेवढंच सांगा की."

तेवढेही बसेना. मग पर्यायी तरतुदीनुसार तीन दिवसांची स्थळपाहणी ठरली. अधिकाऱ्याने व्यवसायाच्या जागी बसायचे आणि गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहायचे. ऋचाने पुष्कळ समजावले. दादासो म्हणाले, डेअरीवर मी आठवडाभर बसलो होतो, म्हशी कायबी म्हणाल्या न्हाईत.

इथे सांगलीच्या एका रीतीचा खुलासा केला पाहिजे. या गावात मन कोणालाच नसते. पित्त असते, बीपी असते, भाऊबंद असतात, पण मन नसते. त्यामुळे ऋचाकडे कोणी जात नसे. तिच्याकडे माणसे फक्त यायची. बायका हातात साडीची पिशवी घेऊन रंगुबाईंच्या दुकानात शिरायच्या आणि आतल्या दाराने वर जायच्या. रंगुबाई काही विचारायच्या नाहीत. तासाभराने बाई डोळे पुसून खाली आली की एवढेच म्हणायच्या, "झाला का गं फॉल नीट?" पुरुषांची पंचाईत व्हायची. ते मोबाइल कानाला लावून, बोलायला जरा शांत जागा शोधत असल्यासारखे जिना चढायचे.

अशा जागी पहिल्या दिवशी सकाळी दहाला दादासोंनी दारात मोटारसायकल लावली. तिच्या पुढच्या पाटीवर लाल अक्षरांत 'वसुली' असे लिहिले होते. आपण मनाच्या बाईंकडे दिसू नये आणि वसुलीवाल्याला सापडू नये, या दोनच गोष्टी सांगलीचा माणूस जिवापाड जपतो. दोन्ही एकाच जिन्यावर प्रथमच एकत्र आल्या होत्या.

अहवालाचा पहिला परिच्छेद असा आहे: 'पहिला दिवस. आलेल्या व्यक्ती नऊ. पैकी फॉल-पिकोसाठी चुकून वर आलेल्या महिला चार. विजेचा मीटर बघण्यास आलेले एक (मीटर खाली आहे). हरवलेले कबूतर शोधत आलेले एक. भाड्याने खोली मिळेल काय असे विचारणारे जोडपे एक (एकमेकांशी बोलत नव्हते). मार्केट यार्डाचा रस्ता विचारण्यास आलेले एक (सदर गृहस्थांचे मार्केट यार्डात चाळीस वर्षे दुकान आहे). पेशंट: निरंक.'

दुसऱ्या दिवशी कवठे महांकाळहून एक गृहस्थ आले. जिना चढून वर पाहतात तो समोर सख्खा मेहुणा.

"दाजी, तुमी हितं?" दादासोंनी विचारले.

"तू हितं कसा?"

"मी ड्युटीवर हाय."

"मग मी बी ड्युटीवरच हाय."

"तुमची कसली ड्युटी? तुमची तर द्राक्षबाग."

दाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ पाहिले. "ताईला बोलू नगंस," एवढे म्हणून ते उतरून गेले. अहवालात नोंद आहे: 'एक नातेवाईक. सहज.'

तिसऱ्या दिवशी कोणीच आले नाही. बातमी पसरली होती. ऋचा रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसली होती. सात वर्षांत जमवलेला विश्वास तीन दिवसांत पाहणीसह संपत होता आणि अक्षय तृतीया आठ दिवसांवर आली होती. दुपारी तीनच्या सुमारास दादासो बाकावरून उठले, त्या खुर्चीत येऊन बसले आणि फाइल मांडीवर घेतली.

"म्याडम, माझा एक दोस्त हाय," ते म्हणाले. "वसुलीला जातोय. त्यानं दारात गाडी लावली की आतला टीव्ही बंद हुतोय. रोज धा-बारा घरांत. आता तर काय झालंय, त्यो सोताच्या घरी गेला तरी आतलं बोलणं थांबतंय."

ऋचाने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"बायकू ताट वाढती. पोरगी पाणी देती. समदं यवस्थित. पर मगाशी हसत हुती ती आता गप." दादासोंनी फाइलची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "दोस्ताचं म्हणनं, त्यानं घरात कुणाकडनं काय वसूल करायचंय?"

पन्नास मिनिटे झाली. उठताना त्यांनी घडी केलेल्या नोटा पाण्याच्या तांब्याखाली ठेवल्या. ऋचाने पावतीपुस्तक उघडले.

"पावती नगं," दादासो म्हणाले. "दोस्ताला आवडायचं न्हाई."

त्याच संध्याकाळी त्यांनी अहवाल पूर्ण केला. शेवटचा परिच्छेद: 'तीन दिवसांत एकही पावती फाडल्याचे दृष्टोत्पत्तीस आले नाही. अर्जदार स्वभावाने चांगल्या आहेत. बसल्यावर बरे वाटते. मात्र धंदा दिसत नाही.' (या परिच्छेदातले प्रत्येक वाक्य खरे आहे. बँकेच्या इतिहासात हे प्रथमच घडले.)

कर्ज समितीची सभा गुरुवारी होती. अक्षय तृतीया रविवारी. बुधवारी आईचा फोन आला.

"काय झालं गं?"

"उद्या मीटिंग आहे."

"होईल, होईल. मी आपली दोरी नवीन मागवून घेतलीय. नायलॉनची. जुनी झिजली होती." लगेच सावरून उमाताई म्हणाल्या, "म्हणजे तुझं काम होणार नाही असं नाही हं. दोरी आपली असावी."

सभागृहात लांब टेबलाभोवती समितीचे सात सदस्य बसले होते. ऋचा आत आली, तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि नंतर ती कपाटातल्या ढालींकडे पाहत राहिली. सातांपैकी किती जण तिच्या ओळखीचे निघाले, हे सांगता येणार नाही. बहुमताला तो आकडा पुरेसा होता, एवढेच. त्यांच्यापैकी प्रत्येकाने न विचारता 'आपली भेट पहिलीच' असे सांगितले.

दादासोंनी अहवाल वाचला. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्याडम, राग मानू नका. आमचा माणूस कृष्णाकाठचा. भाकरी खातोय, तालमीत जातोय. मन बिघडाय त्येला येळ कुठाय?"

"आमच्या घरात तर टेन्शन ह्यो शब्दच न्हाई," संचालक जयराज म्हणाले. त्यांचे उसाच्या वाहतुकीचे बारा ट्रक होते. "आमी त्यो ठेवतच न्हाई."

निवृत्त मुख्याध्यापक सुमंत सर चष्मा पुसत बोलले. "या बाईंचं ठिकाण कुठं आहे, हेही मला ठाऊक नाही. आणि समजा, आहे कुणाला त्रास. तर बावीस पायऱ्या चढून जाणार कोण?"

"चोवीस," जयराज म्हणाले.

"बावीस हो. मी मोजल्यात."

"वळणावरच्या दोन सोडल्यासा तुमी."

"ती शेवटची हलती," कोपऱ्यातले एक सदस्य कागदातून मान वर न काढता म्हणाले. सकाळपासून ते बोललेच नव्हते. "तिथं जपून."

शिपायाने चहा आणून ठेवला. कोणी कप उचलला नाही. (इतिवृत्तात नोंद आहे: 'अर्जदाराच्या जिन्याबाबत तांत्रिक चर्चा झाली.')

माघार कशी घ्यावी हे फौजेत शिकवतात. लालासाहेबांनी घसा साफ केला. "असं करू म्याडम. खाली फॉल-पिको हाय न्हवं? तुमाला महिला शिवणकाम योजनेतनं देतो. दादासोनं एका दिवसात चार बायका डोळ्यांनी बघितल्यात. धंदा तुमचा शिवणकाम म्हणून लिवा, हितं सही करा. आज मंजूर, उद्या चेक."

टेबलाभोवती सात माणसांनी एकदम श्वास सोडला. तोडगा खरोखरच उत्तम होता. बँकेची अब्रू राहत होती, सभासदांची राहत होती, उमाताईंना तळमजला मिळत होता. शिलाई मशीन एखादे जुने मिळालेच असते. ऋचाने पेन हातात घेतले. तिला ती नवीन दोरी दिसत होती. सही केली तर रविवारी आई त्या दोरीपासून सुटत होती. आणि गेली सात वर्षे तिच्यापुढे बसून जे जे कोणी रडले, ते सगळे कागदोपत्री फॉल लावायला आले होते, असे ठरत होते.

तिने पेन खाली ठेवले. "मला शिवता येत नाही," ती म्हणाली, आणि गप्प बसली.

समुपदेशनाच्या धंद्यात अवजारे फार नसतात. दोन खुर्च्या, एक पाण्याचा तांब्या आणि गप्प बसणे. पहिली दोन बाजारात मिळतात. तिसरे नीट वापरायला सात वर्षे लागतात. गप्प बसायचे म्हणजे रुसायचे नाही, अडून बसायचे नाही. समोरच्याला भरपूर वेळ आहे असे वाटेल, इतपतच बसायचे. ऋचाची बसायची तऱ्हा समितीतल्या बहुमताच्या चांगल्या परिचयाची होती.

पहिल्या मिनिटात पंखा ऐकू येऊ लागला. दुसऱ्या मिनिटात सुमंत सरांनी चष्मा पुन्हा पुसला. तिसऱ्या मिनिटात कोपऱ्यातले सदस्य म्हणाले, "तसं बघाय गेलं तर..." आणि सांगू लागले की, बांधावरून सख्ख्या भावाशी अकरा वर्षे बोलणे नाही, आणि आता बांध पुराने वाहून गेला, तरी सुरुवात कशी करायची ते सुचत नाही. कोणी त्यांना थांबवले नाही. सुमंत सर म्हणाले, समोरच्या शाळेची घंटा झाली की मी अजून शर्ट घालून तयार होतो. बायको विचारते, कुठं निघालात? काय सांगणार तिला? मग मी दळण टाकून येतो. आमच्याकडं पीठ फार झालंय.

"मी घरी जातोय नऊला," जयराज टेबलाकडे पाहत म्हणाले. "पर गेटासमोर गाडीत बसून ऱ्हातोय. अर्धा अर्धा तास. का ते मलाबी ठावं न्हाई."

सगळ्यात शेवटी लालासाहेब बोलले. "पलूसला बंगला बांधला मी. चौदा खोल्या. बँकेचंच कर्ज. फौजेत चाळीस जणांत झोपायची सवय, कुनी घोरतंय, कुनी बरळतंय. आता चौदा खोल्यांत घोरणारा मी एकटा. झोप लागंना म्हणून रोज येगळ्या खोलीत झोपून बघतोय. बारा झाल्या." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "दोन ऱ्हायल्यात."

पाऊण तास झाला होता. ऋचाने हळूच म्हटले, "आज आपण इथं थांबू या."

वेळ वास्तविक बँकेची होती. पण सगळे सवयीने उठू लागले. मग सभा आपलीच आहे हे ध्यानात येऊन परत बसले.

"मंजूर," लालासाहेब म्हणाले. "मनोनिवासमधनंच. आणि ती नऊ नंबरची काढून टाका रं. म्हशीची अट हाय ती."

ठराव एकमताने झाला. त्यानंतर समितीने तारण मालमत्तेची जी चौकशी केली, तशी सहकार क्षेत्रात आजवर कोणी केली नसेल. मागच्या बाजूला दार आहे का? रस्त्यावरून आत बसलेला माणूस दिसतो का? चारचाकी झाडाआड लागेल का? खुर्च्या समोरासमोर तर नाहीत ना? मागचे दार नाही असे कळल्यावर भिंत फोडून ते बसवून घेण्यासाठी जादा कर्ज अर्जाविना मंजूर करण्यात आले. (इतिवृत्तातले शेवटचे वाक्य: 'सभा आभारानंतर संपली. उपस्थितांना हलके वाटले.')

अक्षय तृतीयेला उमाताईंना खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि त्या विश्रामबागेत राहायला आल्या. आत आल्या, बाहेर गेल्या, परत आत आल्या. चौथ्या खेपेला ऋचाने विचारले, "आई, काही विसरलीस का?" त्या म्हणाल्या, "नाही गं. सहज." आणि पाचव्यांदा बाहेर जाऊन फाटकापाशी भाजीवालीशी भावावरून भांडल्या. त्यांना या सुखाची फार दिवसांची भूक होती.

कर्ज दिले की ते वसूल होईल हे पाहणे आलेच. दादासोंनी सरळ हिशेब मांडला: म्याडमचा हप्ता कशावर? येणाऱ्या माणसांवर. माणसे कशी येतील? आपल्याला गरज आहे हे कळल्यावर. सबब सभासदांची गरज शोधणे हे बँकेचे कर्तव्य आहे. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत लाडू-चिवड्याच्या पुड्यासोबत एकेक पत्रक वाटण्यात आले. त्यात ऋचाचा नवा पत्ता होता आणि खाली भरायला दोन रकाने होते: 'ही सेवा स्वतःसाठी हवी' आणि 'ही सेवा इतरांसाठी हवी (नाव, पत्ता, फोन)'.

सहाशे चाळीस सभासद हजर होते. सहाशे चाळीस पत्रके भरून आली. काहींनी मागे पुरवणी जोडली होती. स्वतःसाठी: निरंक. इतरांसाठी: नवरा एकशे बारा, बायको अठ्ठ्याण्णव, सासू व सून प्रत्येकी सत्तर, शेजारी एकशे चाळीस, भाऊबंद एकशे नऊ, बँकेचे अध्यक्ष एक्केचाळीस. यावरून बँकेने अहवालात छापले की, आपले सर्व सभासद ठणठणीत असून त्रास फक्त इतरांना आहे. ते इतरही आपलेच सभासद आहेत, एवढी किरकोळ तफावत लेखापरीक्षकांनी निदर्शनास आणली. ती पुढील वर्षी दुरुस्त होईल.

पत्रकांचा गठ्ठा ऋचाच्या टेबलावर आहे. हे वाचता वाचता तुमच्याही डोळ्यांसमोर एक नाव आले असेल, आणि हा मजकूर त्या माणसाला वाचायला द्यावा असेही वाटले असेल. अवश्य द्या. मात्र त्या दिवशी तो सभेला आला होता. लाडू खाता खाता त्याने दुसऱ्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, तुमचे नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला आहे. काळजी नसावी, ऋचा स्वतःहून फोन करत नाही, तो नियम आहे. गुरुवारी साडेपाचची वेळ तिने तूर्त कोणाला दिलेली नाही.